सालीच्या गाठी

खाणकंपन्यांचे दगड तपासणाऱ्या आमच्या लॅबमध्ये दगडाला गाव नसतं, फक्त नंबर असतो. पोती येतात, मी ती वजनकाट्यावर ठेवतो, नंबर लिहितो आणि पुढे ढकलतो. कुठल्या डोंगरातून आली, कोणी भरली, हे विचारायचं नसतं, आणि बाहेर सांगायचं तर मुळीच नसतं. नोकरीला लागताना तसं लिहून घेतात. मी सही केली त्या दिवशी मामेबहिणीच्या मुलीने तो कागद मला वाचून दाखवला होता, तोही इंग्रजीतूनच, त्यामुळे मला अर्धाच कळला. जेवढा कळला तेवढा मी चार वर्षं जपून पाळला.

मी वसईकडचा, नववीत शाळा सोडलेला. कोणी काढलं नव्हतं. बाबांची कंबर गेली, पानमळ्याला पाणी घालायला माणूस हवा होता, आणि मला गणित येत नव्हतं. पुढे पानमळाच राहिला नाही. मग आखातात खडीच्या मशीनवर काही वर्षं काढली आणि मामेबहिणीच्या खटपटीने इथे कॅनडात, एडमंटनला आलो. तिच्याच बेसमेंटमध्ये राहतो. ती अजून टोमणा मारते, "दगडच फोडायचे होते तर एवढ्या लांब कशाला आलास रे? आपल्याकडे खाणी काय कमी होत्या?" मी हसतो. तिच्यामुळे डोक्यावर छप्पर आहे, म्हणून तिने काहीही म्हटलं तरी मी हसतो. माझी ही सवयच झाली आहे. इथे मला कोणी काही मागितलं की माझ्या तोंडातून आधी हो जातं, विचार नंतर येतो. त्या सवयीने या हिवाळ्यात काय केलं, ते लिहायचं आहे.

परदेशातून आलेल्या दगडांना माती लागलेली असते. तिच्यातून कसला किडा, कसला रोग या देशात शिरू नये म्हणून ती पोती आधी भट्टीत तापवतात आणि मगच क्रशरमध्ये टाकतात. त्या भट्टीच्या खोलीत एक वयस्क माणूस काम करायचा. काळा, ठेंगणा, केस दाट आणि पांढरे, आणि चालताना डावा पाय किंचित ओढायचा. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात मी जेवणाच्या सुट्टीत खिशातली डबी काढून पान लावत होतो, तर तो समोरचं टेबल सोडून माझ्या शेजारी येऊन बसला. त्याने विचारलं नाही. डबीतली सुपारी उचलली, नाकाशी धरली आणि डोळे मिटले.

"सुकलेली आहे," तो म्हणाला. "पण आहे."

आम्ही दोघंही मोडक्या इंग्रजीत बोलायचो. त्याचं बोलणं मी इथे माझ्या भाषेत लिहितो आहे, कारण मला ते तसंच आठवतं.

तो पॅसिफिक समुद्रातल्या एका बेटावरचा. त्यांच्याकडे हिरवी सुपारी खातात, आणि पानाऐवजी त्याच जातीच्या वेलीची शेंग चुन्यात बुडवून चावतात. मी त्याला सांगितलं की माझ्या बाबांचा पानमळा होता, मी वेली बांधत मोठा झालो. त्याने माझे हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले, जणू त्यांच्यावर अजून ते दिसणार होतं. मी त्याला अंकल म्हणायला लागलो. त्याला ते आवडलं नाही.

"कुठला अंकल? बापाकडचा की आईकडचा?"

"असाच. इंडियन लोक सगळ्यांना म्हणतात."

"आमच्याकडे बापाचा भाऊ म्हणजे पाहुणा. आईचा भाऊ खरा. जमीन आईकडून येते, म्हणून शब्दही आईच्या भावाचा चालतो. तुमच्यात त्याला काय म्हणतात?"

"मामा."

तो एवढा हसला की सुपारीचा तुकडा घशात अडकला. त्यांच्याकडे आईलाच मामा म्हणतात. "चालेल," खोकत खोकत म्हणाला, "आई तर आई." तेव्हापासून तो माझा मामा. आमच्या घरी मामाला अरेतुरेच करतात, म्हणून इथेही तसंच लिहितो.

मामाच्या डोंगराच्या पोटात तांबं होतं. तो लहान असताना बाहेरच्या कंपनीने तिथे एवढा खड्डा खणला की त्याच्या तळाशी चालणारे ट्रक वरून मुंग्यांएवढे दिसायचे. नदी राखाडी झाली, मासे गेले, आणि लोकांनी एक दिवस खाण बंद पाडली. मग सैन्य आलं. मग बेटाला वेढा पडला, औषध नाही, मीठ नाही, रॉकेल नाही. मामाचा पाय तेव्हाचाच, जखम चिघळली आणि पट्टीसुद्धा मिळाली नाही. हे सगळं तो सहज सांगायचा. नंतरचं मात्र त्याने मला दोन वर्षांनी सांगितलं, भट्टीचं दार बंद करून, माझ्याकडे न बघता.

"बाहेरच्यांशी झाली त्या लढाईची आमच्याकडे गाणी आहेत. पुढे आम्ही आमच्यातच लढलो. त्याचं गाणं नाही."

नदीच्या अलीकडे मामाचं कूळ, पलीकडे दुसरं. डोंगर दोघांचाही. कोण कंपनीला फितूर, कोण सैन्याला, या संशयावरून त्यांनी एकमेकांची माणसं मारली. मामाच्या थोरल्या भावाला पलीकडच्या एका तरुणाने मारलं, आणि तो तरुण आज तिकडचा प्रमुख आहे. लढाई थांबल्यावर दोन्ही कुळं नदीकाठी जमली. दोन्हींकडच्या जमिनीच्या मालकिणी, म्हणजे मामाची बहीण आणि त्या प्रमुखाची बहीण, पुढे झाल्या. त्यांनी एकच सुपारी फोडून अर्धी अर्धी खाल्ली आणि दोघींनी मिळून एक मोठा दगड जमिनीत पुरला. शब्द असा होता, की या दोघी बरोबर डोंगर चढल्याशिवाय तिथला एक खडासुद्धा खाली येणार नाही.

"आणि आला तर?" मी विचारलं.

"तर पुरलेला दगड वर आला, असं समजायचं." मग त्याने भट्टीचा काटा बघितला आणि म्हणाला, "बंदुका कोणी फेकून दिलेल्या नाहीत. घराच्या आढ्यात आहेत, तेल लावून."

काही वर्षांपूर्वी त्या बेटावरच्या लोकांनी मत देऊन सांगितलं, आम्हांला आमचा वेगळा देश हवा. आता त्या देशाचे कायदे लिहिण्याचं काम चालू आहे. गावागावांतून सूचना मागवतात, बाहेर असलेल्या माणसांकडूनही. एडमंटनमध्ये त्या बेटावरची मामा धरून तीनच घरं. रविवारी मिस्सा झाली की चर्चच्या बेसमेंटमध्ये ती बसायची, मधे फोन ठेवून तिकडच्या लोकांशी बोलायची. मामा मलाही ओढून न्यायचा. मी म्हणायचो, मला काय कळतं त्यातलं. तो म्हणायचा, केळी तर सोलशील.

एकदा जमिनीचा विषय चालला होता. जमिनीखालचं काही काढायचं असेल तर कोणाची परवानगी घ्यायची. मामा एकदम माझ्याकडे वळला. "तू सांग. तुझ्याकडचं पाणी कसं गेलं ते सांग."

मी घाबरलो. पण सगळे बघत होते, म्हणून सांगितलं. आमच्या वाडीत गोड पाण्याच्या विहिरी होत्या, बावखलं म्हणजे मोठी तळी होती, त्यांवर पानमळे आणि केळीच्या बागा उभ्या होत्या. शहरासाठी पाणी उपसायला टँकरवाले आले तेव्हा त्यांनी वाडीची सभा घेतली नाही. ते दुपारी यायचे, पुरुष बाजारात गेलेले असताना. एकेका घरी एकटी बाई गाठायचे. माझ्या आईला म्हणाले, शेजारणीने दिलंय, तुम्ही एकट्या अडून काय करणार, पाणी जमिनीखाली एकच आहे, तुमचंही तिच्याच विहिरीतून जाईल. शेजारणीला नेमकं हेच आईचं नाव घेऊन सांगितलं होतं. दोघी सख्ख्या मैत्रिणी, पण लाजेने एकमेकींना विचारलंच नाही. चार उन्हाळ्यांत विहिरी खाऱ्या झाल्या. पानाच्या वेली खाऱ्या पाण्याने आधी पिवळ्या पडतात, मग खालून काळ्या पडतात.

मग मामा म्हणाला, "आता कायदा सांग."

"मी? मी नववी आहे."

"आमचा देश अजून बालवाडीत आहे. सांग."

मी म्हटलं, असं लिहा, की एकट्या बाईला घरी गाठून विचारायचं नाही. त्या पाण्यावर ज्यांची पोरं वाढतात त्या सगळ्या आयांना एका ठिकाणी बसवायचं, सगळ्यांसमोर विचारायचं. त्यांनी ते चांगल्या इंग्रजीत लिहून तिकडे पाठवलं. पुढे ते कुठल्या कागदात राहिलं की गळलं, मला माहीत नाही. पण त्या दिवशी बर्फातून घरी येताना माझा ऊर भरून आला होता. ज्या देशाचा झेंडाही मी पाहिलेला नाही, त्याच्या कायद्यासाठी मला कोणी विचारलं होतं. मामेबहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "आधी आपल्या पीआरच्या कागदांचं बघ."

तिचं बरोबरच होतं. माझ्या पीआरच्या, म्हणजे इथे कायम राहण्याच्या अर्जाला लॅबचं पत्र लागणार होतं, आणि त्यावर सुपरवायझरची सही. ती बाई चांगली आहे. कधी ओरडत नाही. सकाळी माझ्या आधी येऊन पायऱ्यांवरचं बर्फ स्वतः शोव्हल करते. तिने पत्र देते म्हटलं होतं आणि मी रोज त्याची वाट बघत होतो.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी चाळीसेक पोती आली. बाहेर उणे तीस होतं, आणि पोती उतरवताना दाराशी धुकं दाटलं होतं. परदेशी मातीची लाल पट्टी लावलेली, विणलेली पांढरी पोती. नेहमी अशा पोत्यांची तोंडं प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेली असतात. ही झाडाच्या सालीच्या पट्ट्यांनी बांधली होती. माझ्या मनात आलं, तिकडच्या पट्ट्या संपल्या असतील. मी वजन केलं, नंबर लिहिले आणि पोती भट्टीच्या खोलीत नेऊन सोडली.

मामा पाठमोरा होता. वळला, आणि तसाच उभा राहिला. मग गुडघ्यावर बसून त्याने एका गाठीवर बोट ठेवलं. ओढली नाही, सोडली नाही, नुसतं बोट ठेवलं. पोत्याला नाक लावून वास घेतला, जसा पहिल्या दिवशी सुपारीचा घेतला होता.

"दार लाव," तो म्हणाला.

मी लावलं.

"ही गाठ आमच्या घरातली आहे. आमच्या बायका पाठीवरच्या टोपल्या अशा बांधतात. दोन वेढे, आणि टोक खालून आत."

"मामा, असं कोणीही बांधत असेल."

"नाही. पलीकडच्यांची वेगळी असते. माझ्या आईने बहिणीला शिकवली तेव्हा मी बाजूला बसलो होतो." तो उठला, पाय ओढत टेबलापर्यंत गेला. "हे माझ्या डोंगरावरचे दगड आहेत. माझ्या घराने उचललेत आणि खाली आणलेत. पलीकडच्यांना कळलं तर ते आधी माझ्या बहिणीच्या दारात येतील."

मला पहिल्यांदा तिची काळजी वाटायला हवी होती. मला वाटली त्या गुप्ततेच्या कागदाची. माझी नजर दाराच्या काचेकडे गेली, सुपरवायझर येते आहे का ते बघायला. मामाने ते पाहिलं असणार.

"तू काही करू नको," तो म्हणाला. "फक्त पोती उघडू नको. उद्या मी सुट्टी घेतो, तिकडे फोन लावतो. परवा आलो की सगळ्या गाठी नीट बघून घेतो. एक दिवस. एवढंच."

"बरं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार होता, चर्चमध्ये जाऊन कपाळावर राख लावून घ्यायचा. मामा आला नाही. सकाळी सुपरवायझर आली, हातात चहाचा मग. म्हणाली, भट्टीवर आज माणूस नाही, आणि ती लाल पट्टीची पोती लवकर हवी आहेत, तुला जमेल का? तिने दटावलं नाही. नाही म्हणालो असतो तर ती म्हणाली असती, ठीक आहे, उद्या. आज मला हे नक्की माहीत आहे.

मी म्हटलं, "येस, शुअर."

आणि नुसतं हो म्हणून थांबलो नाही. माझ्या डोक्यात एक विचार घट्ट बसला, की पोती संपली की प्रश्नही संपेल. मामा उद्या येईल, बघायला काही नसेल, मग तो काही करणार नाही, त्याची नोकरी राहील, माझीही राहील. मला खरंच वाटलं की मी त्याला वाचवतो आहे. मी सुरी घेतली आणि एकामागून एक गाठी कापत गेलो. साल चिवट होती, सुरीखाली कुरकुरायची. दगड ट्रेमध्ये ओतले, भट्टीत सरकवले. खोलीभर वास पसरला, ओल्या मातीचा, कुजलेल्या पानांचा. पाणी सोडल्यावर आमच्या पानमळ्यातून येणाऱ्या वासाशी तो इतका जुळला की मी दोनदा बाहेर जाऊन आलो.

जेवणानंतर क्रशर लावला. त्याचा जबडा दगड चावतो तेव्हा जमीन पायांखाली थरथरते. शिफ्ट संपायच्या आत चाळीस पोत्यांची खडी झाली. सुपरवायझर म्हणाली, "यू आर अ लाइफसेव्हर." आणि खिशातून पाकीट काढून दिलं. माझं पत्र होतं. ते तिने आधीच सही करून ठेवलं होतं, त्या पोत्यांशी त्याचा काहीही संबंध नव्हता.

मी वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. आरशात माझ्या कपाळावर दगडाची भुकटी बसलेली होती, करडी, बरोबर मधोमध. चर्चला तर मी गेलोच नव्हतो.

परत आलो आणि पिवळा ड्रम उघडला. परदेशी मातीला लागलेलं सगळं त्यात टाकतात, नंतर ते जाळायला नेतात. वरच्या रिकाम्या पोत्यांखाली हात घातला आणि हाताला लागल्या त्या दोन साली बाहेर काढल्या. सुरी गाठीच्या बाजूने गेली होती म्हणून त्यांच्या गाठी शाबूत होत्या. ड्रममधलं काही खोलीबाहेर नेणं हा नियमभंग होता. मी इतका भित्रा की त्या दोन साली भट्टीत ठेवून पूर्ण वेळ तापवल्या आणि मगच डबीत टाकल्या.

गुरुवारी मामा आला तेव्हा मी भट्टीच्या खोलीत, त्याच्या लॉकरपाशीच उभा होतो. रिकाम्या ट्रे त्याला दारातूनच दिसल्या. त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो बाकावर बसला आणि बूट काढायला लागला, एकेक नाडी सोडत.

"बहिणीला विचारलं," तो म्हणाला. "डोंगरावर कोणी गेलं होतं का. नाही म्हणाली. पलीकडच्या प्रमुखालाही फोन केला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तोही नाही म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. त्याला काही माहीत नाही, असं मला वाटलं. आज मी गाठी मोजणार होतो. किती आमच्या ते कळलं असतं."

मी डबी उघडून त्याच्यापुढे धरली. "दोनच मिळाल्या, मामा."

त्याने एक साल हातात घेतली. दोन वेढे, टोक खालून आत. मान हलवली. मग दुसरी घेतली. ती त्याने बराच वेळ धरून ठेवली आणि मग खिडकीपाशी नेली. मी जवळ जाऊन पाहिलं. तिला वेढे नव्हतेच. एक फासा होता, आणि त्यातून टोक ओढून घेतलेलं होतं.

"ही आमची नाही," मामा म्हणाला. "ही नदीपलीकडची."

मी वजन करताना, कापताना चाळीस वेळा त्या गाठी हातात घेतल्या होत्या. मला सगळ्या सारख्याच दिसल्या होत्या.

"म्हणजे त्यांनीही," मी म्हटलं.

"त्यांनीही. दोघांनी. आणि दोघंही मला फोनवर नाही म्हणाले." त्याने दोन्ही साली गुडघ्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. "एकाने शब्द मोडला तर दुसरा रागावतो, आणि मग कधीतरी माफ करतो. दोघांनीही मोडला तर माफ कोण करणार? दोघंही घाबरलेले. घाबरलेला माणूस आधी आढ्याकडे हात नेतो."

तेव्हा मला आईची शेजारीण आठवली. ती हातात बादली घेऊन आमच्या खाऱ्या विहिरीच्या कठड्याशी उभी होती आणि आई तिला म्हणत होती, तू दिलंस म्हणून मी दिलं, आणि ती आईकडे बघतच राहिली होती.

"मामा," मी म्हटलं, "त्यांना एकत्र विचारलंच नसेल. कोणीतरी दोघींना वेगवेगळं गाठलं असेल. तुझ्या बहिणीला सांगितलं असेल, पलीकडची तयार आहे. पलीकडचीला सांगितलं असेल, तुझी बहीण तयार आहे."

त्याने मान वर केली.

"तुझ्या टँकरसारखं."

"टँकरसारखंच."

त्याने दोन्ही साली उचलून डबीत ठेवल्या. मग म्हणाला, "हे फोनवर सांगता येणार नाही. फोनवर ऐकलं की एक घर दुसऱ्याला सांगायच्या आधी माणसं गोळा करील. दोघींना एका जागी बसवून, मधे या दोन गाठी ठेवून सांगावं लागेल. दुसऱ्या कोणी सांगायच्या आत."

"कोण सांगणार?"

"आईचा भाऊ," तो म्हणाला.

आठवड्याच्या आत तो निघाला. सुपरवायझरला घरी आजारपण आहे म्हणून सांगितलं. विमानतळावर मीच त्याला सोडलं, मामेबहिणीची गाडी घेऊन. तिने चावी देताना बजावलं होतं, विंटर टायर जुने झालेत, हळू जा. रस्त्यावर बारीक बर्फ आडवं वाहत होतं आणि मामा खिडकीतून बघत होता.

"माझ्या हातून चूक झाली," मी एकदाचं म्हटलं. इतके दिवस जमलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "झाली." थोड्या वेळाने म्हणाला, "चाळीस गाठी असत्या तर मी आमच्याच मोजत बसलो असतो. सगळ्या आमच्याच असतील या भीतीने दुसऱ्या मला दिसल्याही नसत्या." हे त्याने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की खरंच, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

निरोप घेताना मी माझी डबी त्याला दिली, बाबांची होती ती. आत त्या दोन साली आणि एक सुकी सुपारी. त्याने सुपारी काढून मला परत दिली. "तिथे हिरवी मिळेल," म्हणाला. "अजून पोती आली तर मला कळव."

मी कागदाचा विचार केला आणि तरीही हो म्हटलं. या वेळी विचार आधी आला होता.

त्याचा पहिला मेसेज सहा दिवसांनी आला. बेटावर पोहोचलो, पाऊस आहे. मग दुसरा, बहीण बोलत नाही, रडते. मग मोठा आवाजी मेसेज, मागे कोंबड्या, कोणीतरी लाकूड तोडत होतं. तू म्हणालास तसंच झालं आहे, तो म्हणत होता. दोघींना एकाच आठवड्यात गाठलं. दुपारी. पलीकडच्या बाईलाही मी भेटून आलो, तिने दार उघडलं. ईस्टरनंतरच्या पहिल्या सोमवारी नदीकाठी बसायचं ठरलं आहे, पुरलेल्या दगडापाशी. पोरं ऐकत नाहीत, पण बायका ऐकतात. शेवटी म्हणाला, तुझा कायदा इथे कोणी वाचलेला नाही, मी तोंडी सांगतो आहे.

मी तो मेसेज मामेबहिणीला ऐकवला. ती पोळ्या करत होती. पोळी तव्यावर फुगली तरी तिने ती उलटली नाही. "त्याला म्हणावं, परत ये," ती म्हणाली.

ईस्टरला दोन आठवडे राहिले असताना नवी पोती आली. लाल पट्टीची, पहिल्यापेक्षा तिप्पट. वजन करतानाच तो वास आला. भट्टीवर आता मीच असतो. जेवणाच्या सुट्टीत बाहेर गाडीत जाऊन बसलो आणि लिहिलं, आली. बोटं थंडीने वाकत नव्हती. तिकडे पहाट होत असणार. पाच मिनिटांत उत्तर आलं.

कशाने बांधलीत?

मी आत गेलो आणि प्रत्येक पोतं पुन्हा पाहिलं, या वेळी नीट. प्लॅस्टिकच्या पट्ट्या होत्या, सगळ्या पांढऱ्या, मशीनने आवळलेल्या. साल कुठेच नव्हती. म्हणजे आता डोंगरावर पोती बांधायला ना अलीकडच्या बायका होत्या, ना पलीकडच्या. दुसरंच कोणीतरी तिथे पोहोचलं होतं, आणि सोमवार यायच्या आधी.

प्लॅस्टिकने, मी लिहिलं.

मेसेजखालच्या दोन खुणा निळ्या झाल्या. त्याने वाचलं होतं. तो काही लिहितो आहे असं एकदा दिसलं, मग थांबलं.

त्याला आज अकरा दिवस झाले. फोन लावला तर एक बाई त्यांच्या भाषेत काहीतरी सांगते आणि कट होतो. चर्चमधल्या त्या दोन घरांनाही काही कळत नाही. बेटावरच्या त्या बाजूचा टॉवर बंद आहे, एवढंच ते म्हणतात. टॉवर पावसानेही बंद पडतो, तेही म्हणतात.

ती पोती अजून भट्टीच्या खोलीत आहेत. सुपरवायझरने विचारलं, तेव्हा मी पहिल्यांदाच तिला म्हटलं, आज नाही जमणार. तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि ठीक आहे म्हणाली. काल पुन्हा आली. पोत्यांचं नाही विचारलं. नवीन माणूस घेते आहे, म्हणाली, कोपऱ्यातलं लॉकर त्याला देऊ का?

त्या लॉकरमध्ये मामाचे कामाचे बूट आहेत, नाड्या सोडलेले.

मी म्हटलं, सोमवार होऊन जाऊ दे.